कचेरी आखण्यापूर्वी

राणीसावरगावातील एका वित्तसंस्थेच्या शाखेची अंतर्गत रचना मी केली, त्यास आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या कामी माझ्या हातून जे प्रमाद घडले, त्यांपैकी एकामुळे एका वृद्ध शेतकऱ्याच्या मांडीचे हाड मोडले. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत किंवा पेढी यांच्या इमारती आतून सजविण्याची जबाबदारी जे तरुण आज पत्करतात, त्यांच्या हातून तसे काही घडू नये, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

मुंबईस शिक्षण संपवून मी परभणीस व्यवसाय मांडला होता. बालाघाटच्या डोंगराळ भागातील या गावी कामानिमित्त मी तीनदा आलो, आणि तीनही वेळा सायंकाळी, म्हणजे कारकून मंडळी हिशेब मिटवून घरी निघालेली असत व दालन रिकामे असे तेव्हा. चाळीस फूट लांब, बावीस फूट रुंद आणि अकरा फूट उंच अशा त्या जागेची मापे मी इंचाइंचाने घेतली. परंतु त्या जागेत दिवसभर कोण येतो, किती वेळ थांबतो, कोठे टेकतो आणि हातात काय घेऊन येतो, यांपैकी एकाही गोष्टीची नोंद माझ्या वहीत नव्हती. मोठ्या शहरांतील शाखांत जे पाहिले होते तेच मी नकाशावर उतरविले: पश्चिमेकडील दर्शनी भिंत काढून तेथे अखंड काच, साडेआठ फुटांवर फॉल्स सीलिंग, जुनी शहाबादी फरशी उखडून तिच्या जागी आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, आणि दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बेचाळीस इंच उंचीचे काउंटर. नकाशास मंजुरी तत्काळ मिळाली, उद्घाटनाच्या दिवशी सर्वांनी तोंड भरून कौतुक केले, आणि मीही समाधानाने परतलो.

चैत्र सरला आणि पहिला दोष उघडा पडला. परभणी जिल्ह्यात वैशाखातला पारा 43-44 अंशांवर जातो, आणि दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब ती उष्णता रात्रीपर्यंत खाली सोडीत राहतो. जुन्या बांधकाम करणाऱ्याने छताला लागून भिंतींत जे झरोके ठेवले होते, त्यांतून वर चढलेली तप्त हवा बाहेर पडत असे; माझ्या फॉल्स सीलिंगने ते सारे झरोके वरच्या पोकळीत गाडून टाकले होते. भरीस भर म्हणून दुपारी तीननंतर काचेतून आलेले ऊन थेट खजिनदाराच्या मेजावर पडू लागले. वातानुकूलनाची यंत्रे बसविलेली होती खरी, परंतु भारनियमनाच्या त्या दिवसांत ती ऐन उन्हाच्या वेळी तासन् तास मुकी राहत.

दुसरा दोष मृगाच्या पावसाने दाखविला. काळ्या मातीचा चिखल पायांना कसा चिकटतो आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर त्याचा कसा साबण होतो, हे मराठवाड्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला कोणी सांगावयास नको होते; तरीही ती टाइल निवडताना मला तिचा रंग तेवढा दिसला होता. पीककर्जाच्या चौकशीसाठी आलेले ते वृद्ध गृहस्थ उंबरठ्यापासून चार पावलांवर घसरले. परभणीच्या रुग्णालयात मी त्यांना भेटावयास गेलो, तेव्हा राग न धरता ते एवढेच म्हणाले, “सायेब, फरशी लई भारी हाय, पर पाय ठरंना गेला.” त्या वाक्यानंतर मला कित्येक रात्री नीट झोप लागली नाही.

पुढच्या महिन्यात, निराधारांच्या अनुदानाचे वाटप होते त्या दिवशी, मी सकाळी नऊपासून दार बंद होईपर्यंत त्या दालनात नुसता बसून राहिलो, आणि माझ्या नकाशात ज्यांना मुळीच जागा नव्हती अशी माणसे व अशी कामे एकामागून एक माझ्या डोळ्यांपुढून गेली. आलेला प्रत्येक जण, देवळात शिरावे त्याप्रमाणे, पायताण दाराशी काढीत होता, आणि साठ-सत्तर जोडांचा ढीग बाहेर पडण्याची एकुलती एक वाट अडवून बसला होता. म्हाताऱ्या एकट्या येत नव्हत्या. कोणाबरोबर सून, कोणाबरोबर नातू, आणि बसावयास बाक नसल्याने त्या गाठोडी घेऊन भिंतीकडेला जमिनीवरच टेकत होत्या. बेचाळीस इंचांच्या काउंटरवर त्यांचा हात नीट पोहोचत नसे, म्हणून कारकून शाईचा पॅड घेऊन उठे आणि चारचौघांत हवेतच अंगठा उमटवून घेई. लिहिता येणारा एक गावकरी इतरांच्या पावत्या खिडकीच्या कठड्यावर ओणवा होऊन भरून देत होता. सगळ्या दालनात सर्वांत अधिक काम त्या कठड्यावर होत होते, आणि मी त्यासाठी एक फळीही ठेवली नव्हती.

दुरुस्तीत मूळ खर्चाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पुन्हा खर्ची पडला. माझा मेहनताना मी सोडून दिला. फॉल्स सीलिंग उतरवून झरोके मोकळे केले, गच्चीवर चुन्याचा पांढरा थर दिला, काचेचा खालचा भाग विटांनी भरून काढला आणि पश्चिमेस सहा फूट खोल पडवी काढली, तिच्याच कडेने जोड्यांसाठी मांडणी व दगडी बाक आले. शहाबादी फरशी खडबडीत पृष्ठभागासह परत बसली. काउंटरचा चार फुटांचा भाग तीस इंचांवर उतरविला, जेणेकरून बसून अंगठा देता यावा व चाकाच्या खुर्चीवरील माणसालाही कारकुनाशी समोरासमोर बोलता यावे. जोते दोन फूट उंच होते. उतरणीस एकास बारा हे प्रमाण राखावयाचे तर चोवीस फूट लांबी लागते, ती समोर मिळेना, म्हणून उतरण बाजूने वळवून आणली. सुतार-गवंड्यांना हे प्रमाण नेहमी अवाजवी वाटते आणि ते आठ-दहा फुटांत काम उरकू पाहतात. तेथे मुळीच नमते घेऊ नये, कारण तेवढ्या चढावर स्वतःची खुर्ची स्वतः ढकलणे बहुतेकांना शक्य नसते.

दफ्तराच्या खोलीविषयी मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तिच्याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. 21 जून 2012 रोजी मुंबईच्या मंत्रालयाला आग लागली, पाच माणसे मृत्युमुखी पडली आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. कागद, लाकडी आडभिंती आणि छतामागे दडलेल्या तारा एकत्र आल्या की काय होते, हे त्या दिवशी सबंध राज्याने पाहिले. तेव्हापासून दफ्तराला मी लाकडाची आडभिंत देत नाही, आणि विजेचा मुख्य फलक त्या खोलीत ठेवू देत नाही. लोखंडी कपाटे वाळवी व ओल लागू नये म्हणून भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत, परंतु भूकंपात ती उलटू नयेत यासाठी वरच्या बाजूने भिंतीस पक्की जखडावीत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आमच्या शेजारच्या जिल्ह्यात जो अनर्थ केला, त्यात जाड दगडी भिंती व मातीची जड माळवदे माणसांच्या अंगावर कोसळली. माळवदाच्या घराचा गारवा मला प्रिय आहे. त्याची सावली, त्याचे झरोके, त्याची पडवी अवश्य घ्यावी, त्याचे वजन घेऊ नये.

नवीन काम हाती आले की आता मी मापपट्टी उघडण्यापूर्वी तीन दिवसांची मुदत मागून घेतो: एक बाजाराचा दिवस, एक सर्वाधिक गर्दीचा आणि एक सुना. कागदावर प्रथम भिंती न काढता माणसांच्या येण्याजाण्याच्या रेषा काढतो. जेथे त्या रेषा एकमेकींस छेदतात तेथे मोकळी जागा, जेथे त्या थबकतात तेथे बाक, आणि जेथे पुनःपुन्हा वळतात तेथे आधाराचा कठडा येतो. मेज-कपाटे त्यानंतर उरलेल्या जागेत. मालकांना हा विलंब रुचत नाही, तगादा सुरू होतो, एखादे काम हातचे जातेही. ते जाऊ द्यावे.

त्या शाखेत नुकतेच नवे अधिकारी आले आहेत. काउंटरचा उतरविलेला चार फुटांचा भाग काढून तेथे एक यंत्र बसविण्याची त्यांची तजवीज असल्याचे कळले. मी त्यांस पत्र लिहिले असून, निर्णय करण्यापूर्वी येत्या अनुदानाच्या दिवशी सकाळी नऊपासून माझ्यासमवेत पडवीतल्या बाकावर येऊन बसावे, अशी विनंती केली आहे.