मुलांना वर्गाला घालण्याआधी

पालकहो,

मार्च उजाडला की चाकणच्या चौकांत, विजेच्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर छंदवर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. चित्रकला, हस्ताक्षर, कीबोर्ड, नृत्य, वक्तृत्व, अबॅकस. मग तुमच्यातले कितीतरी जण एकच गोष्ट विचारतात, ‘आमच्याला कशाला घालू?’ त्या विचारण्यामागची ओढ मला कळते. कोणी बीडहून आलंय, कोणी जळगावहून, कोणी यवतमाळहून. कोणी इथल्याच वाकीचे, राशाचे, मेदनकरवाडीचे. लहानपणी आपल्या हातात रंगपेटी आली नाही, गोष्टींचं पुस्तक आलं नाही, ते पोरांच्या हातात यावं म्हणून ओव्हरटाइम करणारी माणसं मी रोज पाहते. म्हणूनच थोडं मनातलं बोलावंसं वाटतं.

वर्ग कुठलाही निवडा, पण पैसे भरण्याआधी तिथे अर्धा तास बसून या. भिंतीवर लावलेली चित्रं नीट बघा. दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, काठाला कौलारू घर आणि नारळाचं झाड, असं एकच चित्र वीस मुलांच्या नावांनी टांगलेलं असेल तर तिथे एकाही मुलानं चित्र काढलेलं नाही असं समजा. चाकणच्या मुलानं नारळाचं झाड का काढावं? त्याच्या खिडकीतून बाभूळ दिसते, गाड्या लादलेला लांबलचक कंटेनर दिसतो, तळेगाव चौकातली रांग दिसते, छतावर वाळत घातलेला बाबांचा गणवेश दिसतो. मुलाला यातलं काहीतरी काढावंसं वाटलं आणि ते वेडंवाकडं का होईना त्यानं काढलं, तर वर्ग चालू झाला. चित्र ‘छान’ दिसावं म्हणून ताई किंवा सर स्वतः त्यावर पेन्सिल फिरवत असतील, तर ते तुमच्यासाठी फिरवताहेत. त्यांना वाटतं, पालकांना सुबक चित्रच हवंय. तेव्हा आधी आपण त्यांना सांगितलं पाहिजे की आम्हाला वेडंवाकडं चालेल.

तीच गोष्ट शिबिराच्या शेवटी होणाऱ्या कार्यक्रमाची. दोन आठवड्यांच्या शिबिरातले दहा दिवस एकाच गाण्यावर एकच नाच बसवण्यात जातात. मागच्या ओळीतल्या मुलीच्या वाट्याला हात वर करणं आणि गिरकी घेणं एवढंच येतं. आपण मोबाइलवर चित्रीकरण करतो, प्रमाणपत्र घेतो आणि समाधानाने घरी येतो. मूल मात्र काहीच शिकलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण तेच दहा दिवस त्याला माती मळायला, पिंपळाच्या पानाची जाळी करायला, स्वतःची गोष्ट रचून चार मित्रांसमोर करून दाखवायला मिळाले असते.

पुण्यात शोभा भागवत यांनी गरवारे बालभवन वर्षानुवर्षं चालवलं. मुलांनी यावं, खेळावं, आपल्याला हवं ते करून पाहावं आणि मोठ्यांनी सोबतीला असावं, ही तिथली रीत. पालकांनी तिथून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे घाई न करणं. एखादं मूल चार-सहा दिवस नुसतं कोपऱ्यात बसून बघत राहील, तर राहू द्यावं. आपण फी भरली म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी काहीतरी ‘करून दाखवावं’ ही आपली अपेक्षा त्याच्यावर फार जड पडते.

सातवी-आठवीनंतर गोष्ट बदलते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांकडे मुलं वळतात, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण मिळावेत यात काही वाईट नाही आणि गरिबाच्या मुलाला ते मोलाचेच आहेत. पण त्या परीक्षेतलं स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे सगळं बघायला शिकवतं. तांब्यावर उजेड कुठून पडतो, सावली कुठे गडद होते, हे डोळ्यांना कळणं हीच त्यातली खरी कमाई. मुलगा स्केचबुक घेऊन बसला तर ‘किती गुणांचं आहे?’ असं विचारण्याआधी ‘कुठे बसून काढलंस?’ असं विचारून बघा.

आता ज्यांच्याविषयी मला सगळ्यात जास्त सांगायचंय त्यांच्याकडे येते. अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकलेला हा माणूस आपल्याच पट्ट्यात, टेल्कोत नोकरीला होता. म्हणजे तुमच्यासारखाच गाड्या बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस. 1978 साली त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी त्यांना मिळाली आणि जोडीला आगपेटीच्या काड्या. नळीच्या तुकड्यात काडीची टोकं खुपसली की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबून हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. मग त्याला कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी काडी लावायची, की तोही ताठ. एवढ्याशा खेळातून त्यांनी खेळणी आणि पुस्तकं काढली, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं काम केलं आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची याच्या कृती आणि कितीतरी पुस्तकं त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. त्यांत मराठीही भरपूर आहे.

वेल्डिंग करणाऱ्या, फिटर असलेल्या, असेंब्ली लाइनवर उभ्या राहणाऱ्या बाबांनो, तो त्रिकोण तुम्ही रोज बघता. तुमच्या शेडच्या छताच्या कैच्या त्रिकोणांच्या असतात, क्रेनच्या बाहूतही त्रिकोणच असतात. ‘का बरं?’ हे तुमच्या मुलाला तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार? आपण कमी शिकलो, मुलाला काय शिकवणार, असं तुम्ही म्हणता तेव्हा मला राहवत नाही. माप घेणं, तोल ओळखणं, कान देऊन यंत्राचा बिघाड पकडणं, काम संपल्यावर हत्यारं जागेवर ठेवणं, हे ज्याला येतं त्याच्याकडे मुलाला द्यायला खूप आहे. आठवड्यातून एकदा काड्या, दोरा, पुठ्ठा आणि कात्री घेऊन त्याच्याशेजारी बसा. तुम्ही करून दाखवू नका, तुमचं तुम्ही करत राहा. मूल बघेल आणि स्वतः करेल.

आयांकडेही असंच धन आहे. इथल्या एकेका इमारतीत महाराष्ट्राचे किती कोपरे राहतात! खानदेशातल्या आणि विदर्भातल्या आईला भुलाबाईची गाणी येतात, पुण्याकडच्या बाईला भोंडल्याची, सातारा-कोल्हापूरकडच्या आजीला हादग्याची. कुठे भुलाबाई बसते, कुठे पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरतात. गाण्यांच्या चाली वेगळ्या, पण शेवटी खाऊ ओळखायचा खेळ सगळीकडे. भादव्यातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत या गाण्यांचे दिवस. एका गच्चीवर या सगळ्याजणी एका संध्याकाळी जमल्या तर मुलांना लोकसाहित्याचा जो वर्ग मिळेल तो कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही. आपली बोली गावठी वाटते म्हणून मुलांसमोर ती गाणी गिळून टाकू नका. मुलांना त्यांची फार गोडी असते. आपल्या शेजारी बिहारचं, ओडिशाचं कुटुंब असेल तर त्यांनाही बोलवा. त्यांच्या मुलांना मराठी अशाच जागी येते.

निसर्गासाठी लोक महाबळेश्वरला सहल नेतात. न्या, जरूर न्या. पण भामचंद्र डोंगर आपल्या एमआयडीसीला लागून उभा आहे, शिंदे-वासुलीच्या बाजूला. भंडारा आणि भामचंद्र हे तुकोबांच्या चिंतनाचे डोंगर म्हणून वारकरी तिथे जातात. 2008 साली भामचंद्रच्या पायथ्याशी होऊ घातलेल्या डाऊ केमिकल्सच्या संशोधन केंद्राला गावकरी आणि वारकरी यांनी मिळून विरोध केला होता. हे इथल्या किती मुलांना माहीत आहे? सकाळी लवकर चढून लेण्यांपाशी बसलं की एका बाजूला कारखान्यांची पांढरी छतं आणि दुसऱ्या बाजूला शेतं दिसतात. तिथे बसून मुलानं दोन्ही बाजू कागदावर काढाव्यात.

जवळ बघायचं म्हटलं तर रिकाम्या प्लॉटवर टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती खड्यांसारखी दिसतात, म्हणून पाऊल जपून टाकावं लागतं. पावसाळ्यात विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरणीचे खोपे लटकतात. विणकाम नराचं. मादी येऊन बघते आणि पसंत पडला तरच तो पुरा होतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हे ऐकून विचारलं होतं, ‘मग नापसंत खोप्याचं काय होतं?’ त्यावर आमचा पुढचा सगळा तास गेला. ते अर्धवट खोपे झाडावर तसेच लोंबत राहतात. ते शोधायला आम्ही गेलो आणि सापडलेही. चाकणचा कांदा बाजार राज्यात नावाजलेला, पण कांद्याला फूल येतं, पांढऱ्या बारीक फुलांचा गोल गोंडा येतो आणि त्यावर मधमाश्या घोंगावतात, हे कांद्याच्या गावातल्या मुलांनी पाहिलेलं नसतं. बियाण्यासाठी कांदा सोडलेल्या शेतकऱ्याला विचारून मुलांना तिथे घेऊन जा. विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

इतिहासाची आवड असलेल्या मोठ्या मुलांसाठी गावातच संग्रामदुर्ग आहे. 1660 च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध हा छोटासा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा किल्ला पडला. आज बुरुजांचे आणि खंदकाचे अवशेष उरलेत. नववीतल्या पाच मुलांनी टेप घेऊन त्यांची मापं घ्यावीत, नकाशा काढावा, आसपासच्या म्हाताऱ्यांना विचारून त्यांच्या आठवणी लिहून काढाव्यात. यात इतिहास, भूमिती आणि मराठीचं लेखन तिन्ही येतात. आळंदी तर हाकेच्या अंतरावर. तिथे जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथल्या परंपरेत पखवाज शिकणारी मुलं बोल आधी तोंडाने म्हणतात, मग हातात आणतात. ज्याच्या बोटांना सारखा ताल लागतो, डबा दिसला की वाजवत बसतो, त्याला एकदा तिथल्या भजनाला घेऊन जा.

वाचनाचं सांगायचं तर ‘किशोर’ मासिक लावा. बालभारती ते 1971 च्या नोव्हेंबरपासून काढते, किंमत परवडणारी असते आणि जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. पण मुलाला मोबाइल देऊन ‘वाच’ म्हणू नका. रात्री जेवणानंतर एक गोष्ट मोठ्याने तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. अडखळला तर अडखळू द्या. तुम्हालाच वाचायला जड जात असेल तर त्याला वाचायला सांगा आणि मन लावून ऐका. ऐकणारा मिळाला की मुलं वाचतात.

आता तुमच्या अडचणीचं. शिफ्ट. भोसरी-पिंपरीपासून इकडे पुष्कळ कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी. वर्ग भरतात ते रविवारी, त्या दिवशी बाबा ड्युटीवर. आई एकटी धाकट्याला कडेवर घेऊन कुठे कुठे पोचवणार? रस्त्यावर ट्रेलर धडधडत असतात, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला एकटं सोडण्याची भीती अगदी रास्त आहे. म्हणून लांबच्या नावाजलेल्या वर्गापेक्षा पायी जाता येईल असा वर्ग पाहा. चार घरांनी मिळून पाळ्या लावा. फर्स्ट शिफ्टवाला दुपारी परततो, त्यानं संध्याकाळी चौघांना आणावं. जो नाइटला जाणार त्यानं पोचवावं. वर्ग चालवणाऱ्यांशी बोला, पाच-सहा घरं एकत्र आली तर गुरुवारची संध्याकाळ ते देतील. कोणी तरी विचारायची खोटी असते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. मुलगी आठवी-नववीत गेली की तिचा वर्ग बंद होतो. मुलाचा क्रिकेटचा वेळ तसाच राहतो, हिचं गाणं, हिचं चित्र, हिचं लायब्ररीत जाणं थांबतं. भीती कशाची ते मी समजू शकते, पण तिला घरी बसवून ती भीती जात नाही. मैत्रिणींबरोबर जाऊ द्या, जाण्यायेण्याची वेळ ठरवा, वर्गातल्या ताईंना जाऊन भेटा, त्यांचा फोन नंबर घ्या. दहावीच्या वर्षीसुद्धा आठवड्यातला एक तास तिचा राहू द्या. त्याच वर्षी तिला त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

आणि चौकशीला जाल तेव्हा आणखी एक विचारा. आपल्या इमारतीमागे पत्र्याच्या खोल्यांत बांधकामावरची मुलं राहतात. पुण्यात ‘पालकनीती’ मासिकाच्या मंडळींनी कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीत अशा मुलांसाठी ‘खेळघर’ उभं केलं आणि ते टिकलं. इथल्या वर्गात दहा मुलांमागे एक जागा त्या मुलांना बिनफी देता येईल का, असं सरळ विचारा. जमत नाही म्हणाले तर आपण चार घरांनी मिळून एका मुलाची फी भरू. या एप्रिलपासूनच सुरुवात करू, नावं मी लिहून घ्यायला तयार आहे.