वार किती खोल रुजावी?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेचे सारेच वाचक स्त्रीरोगतज्ज्ञ नाहीत, आणि बरेचसे डॉक्टरही नाहीत. म्हणून विषय थोडा सावकाश मांडतो. निमित्त एका सासूबाईंच्या प्रश्नाचे आहे.

तीन वेळा गर्भपात झालेली सून, तिचे यजमान आणि सासूबाई काही वर्षांपूर्वी माझ्या बडोद्याच्या दवाखान्यात आले. जाडजूड फाईलमध्ये रक्तातील ‘नॅचरल किलर’ पेशी वाढल्याचा अहवाल होता. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, हिचं रक्तच बाळाला मारतंय म्हणे. खरं का हो?” सून मान खाली घालून बसली होती.

हा समज सर्वस्वी निराधार नाही. त्यामागे शास्त्राचाच एक जुना प्रश्न आहे. पित्याचा अर्धा वारसा घेऊन आलेल्या गर्भाला आईचे शरीर परक्या कातडीच्या कलमाप्रमाणे झिडकारून का टाकत नाही, असा प्रश्न पीटर मेडावार यांनी १९५३ साली मांडला. प्रश्न मार्मिक होता. परंतु त्यातून आईची प्रतिकारशक्ती म्हणजे गर्भाचा शत्रू आणि तिला निजविणे हाच उपाय, असे चित्र रूढ झाले.

प्रत्यक्षात काय घडते? फलनानंतर सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. पुढे ज्यांपासून वार बनते त्या ट्रोफोब्लास्ट पेशी अस्तरात शिरतात. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाच्या विकरांनी त्या पेशींभोवतालचे जाळे विरघळवीत वाट काढतात आणि स्नायूंच्या आतील एक-तृतीयांश भागापर्यंत पोहोचतात. वाटेतील नागमोडी रोहिण्यांच्या भिंतींतील स्नायू नाहीसा करून त्या त्यांना रुंद, सैल नळ्यांचे रूप देतात. कर्करोगाच्या पेशीही अशाच घुसतात. फरक एवढाच की येथे घुसखोरी योग्य जागी थांबते.

ती थांबवितो कोण? पुष्कळ अंशी आईचे अस्तरच. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत त्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के नॅचरल किलर जातीच्या असतात. नाव भयंकर, पण रक्तातील त्यांच्या भावंडांहून त्यांचा स्वभाव निराळा. मारण्यापेक्षा निरोप धाडणे हेच त्यांचे काम. इंटरल्यूकिन-८ आणि आयपी-१० हे त्यांचे निरोप ट्रोफोब्लास्टला पुढे बोलावतात. इंटरल्यूकिन-१ बीटा विकरांचे उत्पादन वाढवितो. उलट टीजीएफ-बीटा विकरांना आवर घालणारी प्रथिने वाढवून लगाम खेचतो, आणि टीएनएफ-अल्फाही पेशींची चाल मंदावतो. एकच रेणू मात्रेनुसार आणि वेळेनुसार निराळा वागू शकतो, हे विद्यार्थ्यांना शिकविताना मला नेहमी अवघड जाते.

हा तोल ढळला की काय होते, ते प्रसूतिगृहात दिसते. पेशी उथळच थांबल्या तर रोहिण्या अरुंद राहतात, आणि पुढे रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो, बाळाची वाढ खुंटते. सिझेरियनच्या व्रणावर हे अस्तर नसते किंवा विरळ असते. तेथे वार रुजली तर ती स्नायूत, क्वचित मूत्राशयापर्यंत घुसते. चिकटलेल्या वारेचा तो रक्तस्राव ज्याने एकदा पाहिला, तो अस्तराची किंमत विसरत नाही.

मला सर्वांत उद्बोधक वाटले ते केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांच्या गटाचे २००४ सालचे संशोधन. ट्रोफोब्लास्टवरील एचएलए-सी हे ओळखचिन्ह आईच्या किलर पेशींवरील ग्राहक वाचतात. ज्या जोडीत हे ग्राहक पेशींना अतिशय दडपतात, तिथे प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे या पेशी निजलेल्या असणे हेच धोक्याचे ठरले!

मग प्रतिकारशक्ती दाबण्याचे उपचार कशाच्या आधारावर? रक्तातील किलर पेशींच्या संख्येवरून अस्तराची स्थिती कळत नाही. वारंवार गर्भपातात पतीच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपचार करू नये, असे युरोपीय संस्था ‘एश्रे’चे मार्गदर्शन सांगते. एकेक रेणू बाहेरून देणेही सोपे नाही. ‘लिफ’ हा रेणू नसलेल्या उंदरिणींमध्ये गर्भ रुजत नाही, हे १९९२ साली दिसले; पण वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांना तो टोचून पाहिल्यावर २००९ च्या चाचणीत लाभ झाला नाही.

सासूबाईंना मी एवढेच सांगितले, “नाही हो. त्या पेशी बाळाची वार रुजवायला मदत करतात. या अहवालावरून सुनेचा काही दोष ठरत नाही.” मग अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे, थायरॉईड आणि गर्भाशयाचा आकार यांच्या तपासण्या लिहून दिल्या. प्रतिपिंडे आढळली तर ॲस्पिरिन आणि हेपॅरिन यांचा खरा उपयोग होतो. सारे ठीक निघाले, तरी अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही आणि त्यांतील अनेकांना पुढे औषधाविना मूल होते, हेही सांगितले. सुनेने तेव्हा प्रथमच मान वर करून विचारले, “म्हणजे ती इंजेक्शनं घ्यायची नाहीत ना?”