उंबरठा

मुलांनो, धर्मराजाच्या स्वर्गारोहणाची कथा तुम्ही ऐकली असेल. राज्य परीक्षिताच्या हाती सोपवून पाचही पांडव आणि द्रौपदी हिमालयाच्या वाटेने निघाले. त्यांच्या मागोमाग एक कुत्राही चालू लागला. वाटेत द्रौपदी पडली. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम हेही एकामागून एक पडले. शेवटी धर्मराज आणि तो कुत्रा एवढेच उरले. तेव्हा इंद्र रथ घेऊन आला. धर्मराजाने रथात बसावे, परंतु कुत्र्याला मात्र खालीच सोडावे, असे त्याचे म्हणणे पडले. कारण स्वर्गात कुत्र्याला थारा नव्हता. ज्याने शेवटपर्यंत साथ दिली, त्याला टाकून मिळणारा स्वर्ग धर्मराजाने नाकारला. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्मच होता, असे उघड झाले.

ही कथा ऐकून आपण धर्मराजाची वाखाणणी करतो. परंतु आजच्या शहरात एखादे माणूस आपल्या कुत्र्यासह भाड्याचे घर शोधू लागले, तर त्याला काय अनुभव येतो? त्यातून ते माणूस पायांनी अधू असले, चाकांच्या खुर्चीवरून वावरत असले, तर? या पाठात आपण अशाच एका ताईबरोबर घर शोधावयास जाणार आहोत. ही ताई कल्पनेतील आहे. तिच्या वाटेतील अडचणी मात्र खऱ्या आहेत.

आपणांस जावयाचे आहे ते मीरा-भाईंदर या शहरात. पश्चिम रेल्वेने मुंबईहून उत्तरेकडे निघाले की दहिसरपाशी मुंबईची हद्द संपते. पुढे मीरा रोड आणि त्यानंतर भाईंदर ही स्थानके लागतात. भाईंदरच्या पलीकडे वसईची खाडी आहे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी गावे येथे होती. उत्तनच्या किनाऱ्यावर कोळी बांधवांच्या होड्या आजही दिसतात. मुंबईत घर परवडेनासे झाले, तशी नोकरदार माणसे या बाजूस येऊ लागली आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. १९८५ साली येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. एवढ्या माणसांना सामावून घेणाऱ्या शहरात एक मुलगी आणि एक कुत्रा यांना जागा मिळणे अवघड नसावे, असे आपणांस वाटेल. चला, पाहू या.

आपली ताई बोरिवलीतील एका कचेरीत हिशेबाचे काम करते. लहानपणी झालेल्या अपघातानंतर तिचे पाय निकामी झाले. तिचा कुत्रा साधा गावठी आहे. तो पिल्लू असताना तिनेच त्याला वाढविले. तिच्या हातून किल्ली पडली तर तो ती उचलून आणतो; खुर्चीवरून उतरताना तिचा तोल गेला, तर भुंकून शेजाऱ्यांना गोळा करतो. ती एकटी राहू शकते, याचे अर्धे श्रेय त्याचे आहे. ताई महिन्याचा पगार, भाडे, घरमालकाला द्यावयाची अनामत रक्कम आणि दलाली यांचा हिशेब कागदावर मांडते आणि घरे पाहावयास निघते.

पहिले घर तळमजल्यावर आहे. भाडे परवडण्याजोगे आहे. परंतु दाराशी तीन पायऱ्या आहेत. आपण त्या उड्या मारीत चढतो, मोजीतही नाही. चाकांच्या खुर्चीला मात्र एक पायरीदेखील भिंतीसारखी असते. तिच्यासाठी उतार बांधावा लागतो. त्याला रॅम्प म्हणतात. उतार किती असावा, याचे शासनाने प्रमाण ठरविले आहे: उंची एक, तर लांबी बारा. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीसाठी एकशे ऐंशी सेंटिमीटर लांबीचा रॅम्प हवा. तीन पायऱ्यांसाठी किती, ते तुम्हीच काढा. या पायऱ्या कोणी दुष्टपणाने बांधलेल्या नसतात. हा प्रदेश सखल आणि खाडीकाठचा असल्याने मुसळधार पावसात रस्त्यावर पाणी साचते. ते घरात शिरू नये म्हणून जोते उंच केलेले असते. पाण्याला अडविणारी पायरी खुर्चीलाही अडविते, हे बांधताना कोणाच्या ध्यानी आले नाही, इतकेच.

दुसरे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. त्याचे भाडे सर्वांत कमी आहे, कारण इमारत जुनी असून तिला लिफ्ट नाही. ताई जिन्याकडे पाहते आणि खुर्ची वळविते. तिने आणखीही एक गोष्ट पाहिली आहे: खांबांना तडे गेले आहेत आणि सज्जाच्या सळया उघड्या पडल्या आहेत. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर तिची बळकटी तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासून घेणे आवश्यक असते. धोकादायक इमारतींची यादी महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. भाडे कमी आहे, एवढ्यावर भुलून जाणे शहाणपणाचे नाही.

तिसरे घर नव्या उंच इमारतीत बाराव्या मजल्यावर आहे. दाराशी रॅम्प आहे, लिफ्ट प्रशस्त आहे. परंतु त्याचे भाडे दिल्यावर ताईच्या पगारातून फारसे काही उरत नाही. शिवाय तिच्या मनात एक प्रश्न येतो. आग लागली असता लिफ्ट वापरू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. मग बाराव्या मजल्यावरून तिने उतरावे कसे? उंच इमारतींत ठरावीक मजल्यांवर आसऱ्यासाठी मोकळी जागा राखलेली असते. ती कोठे आहे, मोकळी आहे की सामानाने भरली आहे, हे ती आधी विचारते. दिव्यांग माणसाला घर पाहताना असे शंभर प्रश्न विचारावे लागतात. दार नव्वद सेंटिमीटर रुंद आहे काय? खुर्ची जागच्या जागी वळविण्यास दीड मीटर मोकळी जागा आहे काय? न्हाणीघराला उंबरठा आहे काय? तुमच्या घरात पाहुणा म्हणून ताई आली, तर तिला हात धुण्यास जाता येईल काय?

असे उंबरठे झिजवीत ताई चौथ्या घरी येते. हे घर पहिल्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट आहे, दाराशी एकच पायरी आहे आणि भाडेही हिशेबात बसते. घरमालकीण मोठ्या मायेने तिला पाणी देते. मग तिचे लक्ष कुत्र्याकडे जाते. ती म्हणते, “तू एकटी असतीस, तर आजच किल्ली दिली असती गं. पण कुत्रा आमच्या सोसायटीत चालणार नाही.”

येथे कायदा काय म्हणतो, ते पाहिले पाहिजे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले. दिव्यांग व्यक्तीला समाजात इतरांबरोबर राहण्याचा हक्क आहे, असे हा कायदा सांगतो. शासनाच्या गृहयोजनांत लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के घरे राखून ठेवावीत, अशी त्यात तरतूद आहे. खाजगी मालकाने आपले घर कोणास भाड्याने द्यावे, हे मात्र त्या तरतुदीने ठरत नाही. कुत्र्याविषयी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळीव कुत्र्यांना इमारतीत सरसकट बंदी करण्याचा ठराव सोसायटीला बहुमतानेही करता येत नाही, आणि लिफ्ट वापरण्यासही मनाई करता येत नाही, असे त्यांत सांगितले आहे. त्याचबरोबर कुत्रा पाळणाऱ्यानेही आपली कर्तव्ये पाळली पाहिजेत: वेळेवर रेबीजची लस टोचून घ्यावी, सार्वजनिक जागी पट्टा सोडू नये, घाण आपण उचलावी आणि शेजाऱ्यांच्या भीतीची थट्टा करू नये.

म्हणून ताई दोन गोष्टी उघडपणे करते. कुत्रा लपवून ठेवून घर मिळविण्याचा मोह ती टाळते. लसीचा दाखला पुढे ठेवते. भाड्याचा करार लेखी आणि नोंदलेला असावा आणि त्यात कुत्र्याचाही उल्लेख असावा, असे ती सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याप्रमाणे भाड्याचा करार लेखी करून त्याची नोंदणी करणे आवश्यक आहे आणि ती करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तोंडी कबुलीवर विसंबलेल्या माणसाला उद्या कोणीही ‘जा’ म्हणू शकतो. आणि खुर्चीवरच्या माणसाला रातोरात दुसरे घर मिळणे किती कठीण, ते आपण पाहिलेच.

घरमालकीण विचारात पडते. ती म्हणते, “माझी हरकत नाही. पण रविवारी सोसायटीची सभा आहे. दाराशी रॅम्प बांधावयाचा, तर खर्च सर्वांचा. कुत्र्याची तर काहींना भीतीच वाटते. तेथे विचारते.”

कुत्रा माणसाचे डोळे होऊ शकतो, हे जगाने पूर्वीच ओळखले आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली मार्गदर्शक कुत्रे तयार करणारी शाळा निघाली. आपल्या महाराष्ट्रातही, पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. मग रविवारच्या सभेत काय व्हावे?

मुलांनो, त्या सभेचा निर्णय या पाठात लिहिलेला नाही. तो कोठल्याही पुस्तकात लिहिता येणार नाही. त्या सभेत बसलेली माणसे म्हणजे कोणाचे तरी आईवडील, आजोबा, काका असतील; कदाचित तुमचेच असतील. कायदा दार किती रुंद असावे ते सांगतो. पण ते उघडण्यास आतील माणसाचा हात लागतो. धर्मराजाची कथा ऐकताना आपण मनाने नेहमी धर्मराजाच्या बाजूला उभे राहतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आपली जागा इंद्राची असते. दार आपल्या हाती असते आणि बाहेर कोणीतरी थांबलेले असते. आपल्या इमारतीच्या दाराशी पायरी किती उंच आहे, हे आज घरी गेल्यावर मोजून पाहा. कोणास ठाऊक, रविवारच्या सभेत तो आकडा उपयोगी पडेल.

शब्दार्थ

थारा – आसरा, जागा
वाखाणणी – स्तुती
सखल – आजूबाजूपेक्षा खोलगट
जोते – इमारतीचा जमिनीवर उचललेला पाया, चौथरा
सज्जा – भिंतीबाहेर काढलेली गच्ची
अनामत रक्कम – घर सोडताना परत मिळावयाची ठेव
उंबरठे झिजविणे – एकाच कामासाठी अनेकांकडे पुन:पुन्हा जाणे

स्वाध्याय

१. ताईला पहिली तीन घरे का घेता आली नाहीत? प्रत्येक घराचे कारण वेगळे लिहा.
२. पाण्याला अडविणारी पायरी खुर्चीलाही कशी अडविते, ते स्पष्ट करा.
३. कुत्रा पाळणाऱ्याने कोणती कर्तव्ये पाळावीत?
४. तीन पायऱ्यांसाठी किती लांबीचा रॅम्प लागेल? प्रत्येक पायरी पंधरा सेंटिमीटर उंच आहे, असे समजा.
५. ‘प्रत्यक्षात बहुतेक वेळा आपली जागा इंद्राची असते’, या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: थारा, प्रशस्त, सरसकट, विसंबणे.
७. रविवारच्या सभेत काय घडले असेल? कुत्र्याची भीती वाटणारा शेजारी, घरमालकीण आणि ताई यांचा संवाद लिहा. भीती वाटणाऱ्या शेजाऱ्याचेही म्हणणे नीट मांडा.