पुनःप्रकाशित ध्वनिमुद्रिका आणि नाट्यपदाची संहिता

बालगंधर्वांच्या (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) जुन्या तबकड्या पुढे लाँग प्ले, कॅसेट व सीडी या रूपांत पुनःपुन्हा प्रकाशित झाल्या. त्यांचा विचार सामान्यतः स्मरणरंजनापुरता होतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचाही विषय आहे, आणि जबलपूरसारख्या शहरात हे विशेष जाणवते. १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात होती. पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. मराठी रंगभूमीपासून दूर पडलेल्या घराला नाट्यपद मुख्यतः मुद्रिकेतूनच भेटते. तीच त्याची संहिता होते.

ही संहिता कितपत विश्वसनीय? दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. रंगभूमीवर तेच पद वन्समोअर घेत, दर वेळी नवे वळण शोधत कितीतरी लांबे. तबकडीवर उरला तो संक्षेप. त्यालाच मूळ पाठ मानले, तर गंधर्वगायकी आटोपशीर होती असा विपरीत निष्कर्ष निघेल. शिवाय संकलनात 'स्वयंवर'मधील (१९१६) रुक्मिणीच्या शेजारी 'एकच प्याला'मधील (१९१९) सिंधू येऊन बसते. एकीची प्रणयोत्कंठा, दुसरीची संसारातील होरपळ. प्रसंग सुटला की दोन्ही केवळ गोड गाणी उरतात.

स्वराचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रारंभीच्या तबकड्यांची गती नेहमी मिनिटाला नेमके ७८ फेरे एवढी नसे. नव्या प्रतीसाठी गती चुकीची धरली, तर पट्टी चढते वा उतरते. मग स्त्रीभूमिकेतील त्या आवाजाविषयी केलेले विवेचन गायकाचे की यंत्राचे, हे सांगणे कठीण. (या आवाजावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी ही शंका क्वचितच घेतली आहे.)

कर्तृत्वाचा उल्लेखही असाच निसटता. 'स्वयंवर'ची पदे नाटककार खाडिलकरांचीच, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. उलट गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील पदे वि. सी. गुर्जरांची आहेत, वेष्टनावर केवळ नाटकाचे व गायकाचे नाव छापले की गुर्जर नाहीसे होतात.

२०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात आनंद भाटे यांनी गंधर्वांची पदे नव्याने गायिली. तरुण श्रोत्याच्या कानी आता दोन्ही पाठ एकत्र पडतात. अशा वेळी मूळ तबकडीचा क्रमांक, मुद्रणाचे वर्ष, नाटक, अंक व पदकार यांची नोंद पुनःप्रकाशनात अगत्याची ठरते. जबलपूरच्या जुन्या घरांत तडकलेल्या तबकड्या उरल्या असतील, तर त्यांवरील लेबले आधी उतरवून घ्यावीत. तबकडी वाजेनाशी झाली तरी क्रमांक वाचता येतो.