भिलाईतील माध्यान्हछाया

सूर्याभोवती आठ ग्रह फिरतात. पृथ्वी हा त्यांपैकी तिसरा होय. सूर्यापासून तिचे सरासरी अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. तिची गती आपणांस जाणवत नाही. परंतु साध्या काठीच्या छायेवरून तिची खूण पटते.

भिलाई सुमारे २१.२ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेथील विद्यार्थ्याने सपाट अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने पारखून उभी करावी व आभाळ निरभ्र असेल तेव्हा तिची दुपारची सर्वांत आखूड छाया मोजावी. २२ डिसेंबरच्या सुमारास ती उत्तरेस, जवळजवळ काठीच्या उंचीएवढी पडते. पुढे घटत जाऊन मेच्या अखेरच्या आठवड्यात ती नाहीशी होते. २१ जूनच्या सुमारास ती दक्षिणेस सुमारे ४ सेंटिमीटर असते आणि जुलैच्या मध्यास पुन्हा लोपते.

काठी तीच, अंगणही तेच. मग हा फरक का पडतो? पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेच्या प्रतलास लंब नसून सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे. हा कल अवकाशात एकाच दिशेस राहतो. म्हणून पृथ्वी सूर्याभोवती फिरत असता जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो व डिसेंबरात सूर्यापासून दूर. ऋतूही यामुळेच होतात.

हे निरीक्षण करताना सूर्याकडे मुळीच पाहू नये. केवळ छाया मोजावी व तारखेसह वहीत नोंदवावी.