मिग-२१ ची प्रतिकृती

१९६३ साली भारतीय हवाई दलात आलेले मिग-२१ हे लढाऊ विमान २०२५ साली निवृत्त झाले. त्याच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर; प्लास्टिकच्या सुट्या भागांतून १:७२ प्रमाणात साकारताना तो जेमतेम १० सेंटिमीटर भरतो. येथे क्रमाला फार महत्त्व असते. वैमानिकाचा कक्ष आधी रंगवावा, कारण धडाचे दोन अर्ध जुळले की आत कुंचला पोहोचत नाही. नाकाकडील शंकूत वजनही तेव्हाच ठेवावे. एरवी विमान शेपटीवर बसते! जोडणारे द्रावण प्लास्टिक विरघळवून कडा एकजीव करते. तो सांधा पुन्हा उकलत नाही. रंग पातळ थरांनी द्यावा, म्हणजे पत्र्यांच्या जोडरेषा बुजत नाहीत. तिरंगी वर्तुळे चिकटवण्यापूर्वी चकचकीत वार्निश लावावे; खरखरीत रंगावर त्यांच्याखाली हवा अडकून पांढुरके डाग दिसतात.