नाझ्काच्या रेषा आणि एका दिवसाची सहल

लिमाहून पहाटे निघा, दुपारी नाझ्काच्या वाळवंटातल्या प्राचीन रेषा आणि आकृती विमानातून पाहा, रात्री लिमात परत या. अशी सहल कोणी विकत असेल तर घेऊ नका. पेरूला निघालेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

लिमा ते नाझ्का अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. पॅन-अमेरिकन महामार्ग चांगला आहे, तरी बसला एका बाजूने सात तास लागतात. जाऊन-येऊन चौदा तासांचा प्रवास आणि मधे अर्ध्या तासाचं उड्डाण. कागदावर हे जमतं. आम्ही न्यू जर्सीला लेकीकडे गेलो होतो, तिथूनच पेरूला निघालो. तिची रजा मोजकी, त्यात माचूपिचू सोडायचं नव्हतं. म्हणून एका एजंटाने नाझ्का एका दिवसात बसवून दिलं आणि दुसऱ्या सकाळचं कुस्कोचं विमान पक्कं केलं. मी, हे, लेक आणि माझ्या मोठ्या जाऊबाई असे चौघे होतो. "सकाळी धुकं असलं तर?" असं लेकीने विचारलंही होतं. एजंट हसला. वाळवंटात कसलं धुकं, म्हणाला.

पेरूच्या किनाऱ्याला लागून हम्बोल्टचा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्या भागात पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्याचं हे एक मोठं कारण. आणि सकाळच्या धुक्याचंही कारण तेच. पाऊस नाही म्हणून दीड-दोन हजार वर्षं रेषा टिकल्या, आणि त्याच समुद्राच्या कृपेने आम्ही विमानतळावरच्या खुर्च्यांत बसून राहिलो. काउंटरवरचा मुलगा दर खेपेला "अर्ध्या तासात" म्हणत होता. अकराच्या सुमारास आकाश उघडलं. पण तोवर सकाळपासूनची सगळी उड्डाणं तुंबलेली. आमचा नंबर लागला तेव्हा दुपारचा वारा सुटला होता.

नाझ्काचं वेळापत्रक ठरतं ते असं. सकाळी धुकं हटेपर्यंत विमानं उडत नाहीत. दुपारी वारा वाढला की छोटी विमानं हेलकावे खातात. मधले काही तास खरे कामाचे. ते हवे असतील तर आदल्या रात्री नाझ्कात मुक्काम हवा, सकाळच्या पहिल्या उड्डाणांत नाव हवं आणि पुढचा अख्खा दिवस मोकळा हवा. आज नाही उडालो तर उद्या, इतकी सवड असलेल्यालाच या रेषा धड दिसतात. उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी विमान, बस, माचूपिचूचं वेळ ठरलेलं तिकीट, काहीही बांधून ठेवू नका. डिसेंबर ते मार्च हा तिथला उन्हाळा, तेव्हा आकाश जास्त भरवशाचं. जून ते सप्टेंबरात धुक्याची शक्यता धरूनच चला.

आता विमान. नाझ्का गावालगतच या रेषांच्या अभ्यासक मारिया राइखे यांच्या नावाचा छोटा विमानतळ आहे. तिथून सेस्ना जातीची विमानं उडतात, काही चार-पाच प्रवाशांची, काही दहा-बारा प्रवाशांची. या उड्डाणांचा इतिहास निर्धोक नाही आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २०१० साली फेब्रुवारीतल्या अपघातात सात माणसं गेली, त्याच वर्षी ऑक्टोबरात सहा. नियम कडक झाले, आता प्रत्येक उड्डाणात दोन वैमानिक असावे लागतात. तरीही फेब्रुवारी २०२२मध्ये पुन्हा एक सेस्ना कोसळलं आणि सातही जण गेले. घाबरून जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. हे वाचून कोणाला जावंसं वाटलं नाही तर तोही शहाणपणाचाच निर्णय आहे. जाणार असाल तर पैसे देण्याआधी विचारा: विमान कोणतं, वैमानिक किती, कंपनीकडे पेरूच्या नागरी विमान खात्याचा परवाना आहे का. उत्तर देताना जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. बसस्टँडवर उतरताच अंगावर येणाऱ्या दलालांपेक्षा विमानतळावरच्या काउंटरवर बोलणं बरं. धुक्यामुळे उड्डाण रद्द झालं तर पैसे परत मिळणार की दुसरी वेळ, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला तिथे आपल्याकडच्याइतकीच किंमत आहे. प्रवास विम्याची कलमंही वाचा. छोट्या भाड्याच्या विमानातला अपघात काही पॉलिसींतून वगळलेला असतो आणि ते वाक्य नेहमी बारीक टायपात असतं.

काउंटरवर पासपोर्ट लागतो. विमानतळ कर तिकिटात नसतो, तो वेगळा भरावा लागतो, म्हणून थोडे सोल, म्हणजे तिथलं चलन, रोख जवळ असू द्या. मग वजन करतात. बॅगेचं नव्हे, तुमचं. विमान लहान, तोल सांभाळायला हवा, त्यामुळे कोणी कुठे बसायचं हे वजनावर ठरतं. नवराबायको शेजारी बसतील असं धरून चालू नका. जाऊबाई काट्यावर उभ्या राहिल्या आणि यांना म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जरा तिकडे बघा बरं." त्यांना पुढची जागा मिळाली, आम्ही मागे विखुरलो.

खिडकी मात्र प्रत्येकाला मिळते, आणि उजवी-डावी असा वाद घालायची गरज नाही. वैमानिक प्रत्येक आकृतीवरून विमान आधी एका बाजूला कलंडवतो, मग वळून दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन्हीकडच्यांना दिसावं. पोटाची गोची तिथेच होते. साधं उड्डाण कोणालाही सोसतं. अर्धा तास सतत तिरकं होत राहणं सोसतंच असं नाही, आणि वर वारा असला तर विचारूच नका. एसटीने घाट चढताना ज्यांना अ‍ॅव्होमिन लागते त्यांनी नाझ्कालाही घ्यावी, आपल्या डॉक्टरांना विचारून आणि उड्डाणाच्या पुरेशी आधी. विमान सुरू झाल्यावर घेतलेली गोळी काही उपयोगाची नाही. भरपेट नाश्ता नको, अगदी उपाशीही नको. दोन आकृतींच्या मधे नजर क्षितिजावर ठेवा. माझ्या शेजारच्या तरुणाने सुरुवातीपासून डोळा कॅमेऱ्याला लावला होता. निम्म्या वाटेत त्याला कागदी पिशवी लागली. फोटो काढायचेच असतील तर शटर वेगवान ठेवा, फार झूम करू नका. आणि खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा चांगले फोटो आधीच छापलेले आहेत.

कानावरच्या हेडफोनमधून वैमानिक सांगत राहतो: उजवीकडे, पंखाखाली, माकड. पंखाच्या टोकाखाली पाहायचं, खिडकीतून सरळ खाली नाही. हे आधीच डोक्यात ठेवलं तर पहिल्या दोन आकृती हुकत नाहीत. त्या हुकण्याचं दुसरं कारण असं की पुस्तकातल्या फोटोंमुळे आपण फार मोठं काहीतरी शोधत असतो. हमिंगबर्ड सुमारे ९३ मीटरचा, कोळी जेमतेम ४६ मीटरचा. शेकडो मीटर उंचीवरून तो कोळी नखाएवढा दिसतो, रेघ पुसट असते आणि तिच्यावरून गाड्यांच्या चाकांचे जुने ओरखडे गेलेले असतात. निघण्याआधी आकृतींचा क्रम आणि आकार चार-पाच वेळा पाहून ठेवा. माकडाची गुंडाळलेली शेपटी, गिधाडाचे पसरलेले पंख, टेकडीच्या उतारावर हात वर केलेला तो माणूस, ज्याला उगाच अंतराळवीर म्हणतात. डोळ्याला ओळख असेल तर तो क्षणात शोधतो.

आणि प्राण्यांच्या मागे लागून बाकीचं सोडू नका. पाम्पावरच्या, म्हणजे तिथल्या सपाट वाळवंटावरच्या, प्राणी-पक्ष्यांच्या मोठ्या आकृती मोजक्या आहेत. सरळ रेषा आणि लांबट चौकोन शेकड्यांनी आहेत. काही रेषा दऱ्या-टेकड्यांची पर्वा न करता किलोमीटरच्या किलोमीटर सरळ जातात. मला विमानातून खरोखर थक्क केलं ते त्यांनी. वैमानिक त्यांच्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

परतीची बस गेली, कुस्कोचं विमान गेलं, आणि नाइलाजाने नाझ्कात राहावं लागलं. दुसऱ्या सकाळी आकाश लख्ख होतं आणि डोक्यावरून विमानं एकामागून एक जात होती. आम्ही महामार्गाकडेच्या मनोऱ्यावर उभे होतो. तिथले लोक त्याला मिरादोर म्हणतात. तिथून हात आणि झाड या आकृती दिसतात, आणि महामार्गाने मधोमध कापलेला सरडाही. रेषा कशा केल्या ते इथे कळतं. वरचा थर लोहामुळे काळपट-तांबूस झालेल्या दगडगोट्यांचा, खालची माती फिकी. गोटे उचलून कडेला रचले की झाली रेघ. धूळ बसलेल्या फरशीवर बोट फिरवावं तसं. खोली फार तर वीतभर. म्हणून तर तिथे पाऊल ठेवायलाही बंदी आहे: २०१४मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचे कार्यकर्ते हमिंगबर्डशेजारी अक्षरं मांडायला गेले आणि त्यांच्या पायांचे ठसे तिथे उमटून राहिले.

हा मनोरा आधी आणि विमान नंतर असा क्रम ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. रेषेची रुंदी आणि माती एकदा जवळून पाहिली की वरून नजरेला काय शोधायचं ते ठाऊक असतं. आमचा क्रम उलटा झाला. नाझ्का गावातलं अंतोनिनी संग्रहालयही आधी पाहावं, कारण आकृतींमधले पक्षी-प्राणी रेषा काढणाऱ्या लोकांच्या रंगीत मडक्यांवरही आहेत. मग गावाजवळचं कांताय्योक: जमिनीखालचं पाणी आणणारे जुने पाट आणि त्यांच्यात उतरणारे चक्राकार खड्डे. हे पाट आजही शेतीला पाणी देतात. ते पाहिल्यावर रेषांचा संबंध पाण्याशी आणि डोंगरांच्या पूजेशी असावा हे काही अभ्यासकांचं म्हणणं पटू लागतं. परग्रहवासीयांच्या धावपट्टीची कथा, जी एरिक फॉन डेनिकेन यांच्या १९६८च्या पुस्तकाने जगभर पोचवली, ती तिथे उभं राहिल्यावर फार पोरकट वाटते. रेषा फक्त आकाशातूनच दिसतात हेही खरं नाही. जपानच्या यामागाता विद्यापीठाने २०२४मध्ये ३०३ नव्या आकृती जाहीर केल्या. त्यांतल्या बहुतेक लहान आहेत, पायवाटांच्या कडेने, चालणाऱ्याला दिसतील अशा. नाझ्काजवळच्या पाल्पा भागातल्या कित्येक तर टेकड्यांच्या उतारावर आहेत, रस्त्यावरूनच दिसतात. पोटाचा किंवा मनाचा हिय्या होत नसेल त्यांनी विमानाचा नाद सोडून हे सगळं पाहिलं तरी फेरी फुकट जात नाही. आपल्याकडे राजापूर तालुक्यात कशेळीचं कातळशिल्प, तो मोठा हत्ती, ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे: अगदी जवळ उभं राहिलं की कळत नाही, पण एखाद्या उंचवट्यावर चढलं तरी काम भागतं.

पिस्कोहूनही विमानं सुटतात. ते गाव लिमाला जवळ, पण उड्डाण दीड तासाच्या वर आणि त्यातला बराच वेळ नुसतं जाण्या-येण्यात. पैसेही जास्त. मी सुचवणार नाही.

कागदपत्रांचं शेवटी, कारण लोक ते शेवटीच बघतात. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा असतोच. तो निदान सहा महिने बाकी असेल तर भारतीयांना पेरूसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि शेंगेनच्या व्हिशावरही हीच सोय आहे. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी पेरूच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. दुसरं, पीतज्वराची लस. नाझ्काच्या कोरड्या वाळवंटात तिची गरज नाही, पण पेरू हा भारताच्या दृष्टीने पीतज्वराच्या यादीतला देश आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड नसलं, तर विमानतळावर विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड सरकारमान्य केंद्रातलंच चालतं आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. साठी उलटलेल्यांनी ही लस घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं. आम्ही पेरूहून पुन्हा लेकीकडेच गेलो, म्हणून सहा दिवसांचा प्रश्न आला नाही. थेट मुंबईला येणार असाल तर कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा, सामानात नको.